पहिली थ्री-नॉट-थ्री : अमेरिकेत जुनी लष्करी रायफल घेताना, तपासताना आणि चालवताना

महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांनी थ्री-नॉट-थ्री लांबून पाहिलेली असते. एनसीसीच्या कवायतीत, पोलीस ठाण्याच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर, शहीद जवानाला दिलेल्या मानवंदनेत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर रेल्वे पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. तिच्याबद्दल आपल्या मनात ओळखीची एक भावना असते, पण भारतात ती सामान्य नागरिकाला घेता येत नाही. .303 हा लष्करी बोअर असल्याने शस्त्र कायद्याखाली तो निषिद्ध आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र ती घेता येते, कायदेशीर चालवता येते आणि पुढच्या पिढीसाठी जपून ठेवता येते. ज्यांना हा छंद नव्याने सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्या जुन्या लष्करी रायफलींबद्दल लिहायला गेलो तर कशालाच न्याय मिळणार नाही, म्हणून एकच घराणे घेतो: ली-एनफिल्ड, म्हणजेच आपली थ्री-नॉट-थ्री. पहिली रायफल म्हणून मी हीच सुचवतो. नवी काडतुसे मिळतात, सुटे भाग मिळतात, खुणा वाचायला भरपूर आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींचे हे रोजचे हत्यार होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच मोहिमेत.

सर्वांत आधी स्वतःचा व्हिसा पाहा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार एच-1बी, एल-1, एफ-1 अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. विकत घेणे तर सोडाच, रेंजवर भाड्याची रायफल हातात घेणे हेसुद्धा ‘बाळगणे’ धरले जाते. मित्राची रायफल गंमत म्हणून दोन मिनिटे चालवली, तरी तो गुन्हा ठरू शकतो, आणि त्याचा परिणाम थेट इमिग्रेशनवर होतो. याला काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी लागू पडणारा अपवाद म्हणजे कोणत्याही राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. तो काढायचा तर बहुधा राज्याचा हंटर एज्युकेशनचा वर्ग करावा लागतो, आणि तो वर्ग एरवीही करण्यासारखाच आहे. तरीही व्हिसावर असाल तर मी वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही.

ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला फेडरल कायद्याची अशी आडकाठी नाही. पुढचा प्रश्न राज्याचा. आपली मंडळी मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीत रायफल घेण्याआधी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड लागते आणि त्याचा अर्ज गावाच्या पोलिसांमार्फत जातो. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचे राज्याचे ओळखपत्र, लागते. टेक्सासमध्ये राज्याचे असे कार्ड नाही. शेजारच्या राज्यातल्या मित्राचे ऐकून काही करू नका. आपल्या राज्याचा नियम आपण स्वतः वाचावा.

दुकानातून घेताना 4473 क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी होते, रायफल हातात येते. एकच रायफल हवी असेल तर एवढे पुरे. संग्रह करण्याचा विचार असेल तर ‘क्युरिओ अँड रेलिक’ परवाना, म्हणजे टाइप 03, काढावा. फी तीन वर्षांसाठी 30 डॉलर, वय किमान 21. निदान 50 वर्षे जुनी आणि मूळ रूपात असलेली शस्त्रे या वर्गात येतात. राज्याच्या कायद्यात बसत असेल तर अशी रायफल दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून थेट घरी मागवता येते. त्या बदल्यात एक नोंदवही ठेवावी लागते: काय घेतले, कोणाकडून, कधी, क्रमांक काय. घेतल्याची नोंद लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत आणि दिल्याची सात दिवसांत झाली पाहिजे. हा परवाना संग्रहासाठी आहे, धंद्यासाठी नाही. स्वस्तात घेऊन नफ्यात विकत राहिलात तर तो त्याच्या कक्षेबाहेर जातो.

‘मूळ रूपात’ या शब्दांकडे लक्ष द्या. शिकारीसाठी पुढचे लाकूड कापून हलकी केलेली ‘स्पोर्टराइज्ड’ रायफल कितीही जुनी असली तरी वयाच्या निकषावर या वर्गात बसत नाही.

कोणती घ्यावी

बाजारात मुख्यतः तीन प्रकार भेटतात.

पहिला नं. 1 मार्क 3, म्हणजे एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड). 1907 सालचा आराखडा. नळीच्या तोंडापर्यंत लाकूड आणि पुढे बोथट नाकासारखी टोपी, ही तिची ओळख. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली, म्हणजे काडतुसांच्या पेटीतली, काडतुसे अडवणारी पट्टी), लांब पल्ल्याची व्हॉली साइट आणि मागच्या साइटचे डावे-उजवे समायोजन काढून टाकले. त्या रूपाला मार्क 3 तारांकित म्हणतात. इंग्लंडमध्ये एनफिल्ड आणि बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स), ऑस्ट्रेलियात लिथगो आणि भारतात कोलकात्याजवळ इशापूर, इथे ती बनली.

दुसरा नं. 4. दुसऱ्या महायुद्धातली, जरा जाड नळीची, मागे डोळ्याजवळ गोल छिद्राची साइट असलेली. नवशिक्याला नेम धरायला ही सोपी. यातल्या दहा लाखांहून अधिक अमेरिकेतच सॅव्हेज कंपनीने बनवल्या आणि त्यांवर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का आहे. तो पाहून ही अमेरिकी सैन्याची रायफल आहे असे सांगणारे विक्रेते भेटतात. प्रत्यक्षात हा माल लेंड-लीज या युद्धकाळातल्या अमेरिकी मदत योजनेखाली ब्रिटिशांना देण्यासाठी होता.

तिसरा प्रकार आपला स्वतःचा: इशापूर 2ए आणि 2ए1. 1962 च्या चीन युद्धानंतरच्या दशकात इशापूरने एसएमएलईचाच साचा चांगल्या पोलादात घडवून 7.62 नाटो काडतुसासाठी बनवला. मॅगझिन चौकोनी पेटीसारखे, बारा गोळ्यांचे. दिसायला थ्री-नॉट-थ्रीच, पण .303 काडतूस यात चालत नाही आणि याचे .303 मध्ये चालत नाही. याच मापाच्या, शिकारीच्या जोरकस .308 काडतुसांबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे, यात नाटो दाबाचीच काडतुसे घालावीत.

पहिल्या खरेदीला मी नं. 4 सुचवतो. मन एसएमएलईवर जडले असेल तर तीही घ्या, पण पुढची तपासणी दुप्पट काळजीने करा, कारण ती वयाने मोठी असते आणि तिने जास्त हात पाहिलेले असतात.

गारांडचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या रायफलीचा, मोह अनेकांना होतो. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ती विकतो, पण त्यांच्याकडे ग्राहक अमेरिकी नागरिक असावा लागतो. ग्रीन कार्डवर असाल तर ते दार सध्या बंद आहे.

हातात घेऊन काय पाहायचे

फोटोवरून पहिली रायफल घेऊ नका. गन शो किंवा दुकान गाठा, सोबत छोटा टॉर्च, भिंग आणि पांढऱ्या कापडाचे तुकडे न्या. रायफल हातात घेण्याआधी विचारा, मग बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता पोलादी भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसते ती नळीची मागची पोकळी) आणि मॅगझिन दोन्ही रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. समोरच्याने ‘रिकामी आहे’ म्हटले तरीही.

आधी क्रमांक. एसएमएलईवर तोच क्रमांक रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याच्या) उजव्या बाजूला, नळीवर, बोल्टच्या दांड्यामागे, मागच्या साइटच्या पट्टीखाली, नाकाच्या टोपीवर आणि पुढच्या लाकडाच्या खालच्या अंगाला असायचा. सगळे जुळले तर उत्तम, पण नाही जुळले म्हणून लगेच नाक मुरडू नका. लष्करी कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळी भाग बदलतच. बोल्ट मात्र जुळलाच पाहिजे, निदान चालवायच्या रायफलीत. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या दोन खांद्यांवर अडकतो. कारखान्यात तो त्या-त्या रिसीव्हरला बसवलेला असे. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट एकाच खांद्यावर भार घेऊ शकतो.

मग शिक्के. दस्त्याजवळच्या पोलादी कड्यावर, ज्याला बट सॉकेट म्हणतात, एसएमएलईच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि मार्क कोरलेले असते. इशापूरच्या स्वातंत्र्यापूर्वीच्या रायफलींवर मुकुटाखाली जी.आर.आय. दिसते, नंतरच्यांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. इथेच बनावट मालही पकडला जातो. खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदम खेलमध्ये, हाताने घडवलेल्या नकला पिढ्यानपिढ्या बनत आल्या आहेत. त्यांचे कारागीर इंग्रजी वाचणारे नव्हते, त्यामुळे ‘एन’ अक्षर उलटे, मुकुट वाकडा, किंवा राणी व्हिक्टोरियाची व्ही.आर. ही अक्षरे आणि खाली 1901 नंतरचे साल. राणी 1901 मध्येच वारली. अशी रायफल भिंतीवर लावायला सुंदर आहे, चालवायला कधीही नाही: तिच्या पोलादाचा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

आणखी तीन खुणा लक्षात ठेवा. ‘डी.पी.’ म्हणजे ड्रिल पर्पज, कवायतीची. एनसीसीत डीपी रायफल म्हणतात तीच. बहुतेक वेळा ती मुद्दाम निकामी केलेली असते. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकण्यासाठीची, तिने बराच मार सोसलेला असू शकतो. आणि मॅगझिनमध्ये ठोकळा बसवलेली, गुळगुळीत नळीची एसएमएलई दिसली तर ती पोलीस-पहाऱ्यासाठी .410 मध्ये बदललेली इशापूरची बंदूक. तिघीही संग्राहकासाठी रंजक आहेत, पण पहिली खरेदी म्हणून नकोत.

नळी पाहताना बोल्ट काढा, चेंबरच्या बाजूने प्रकाश टाका आणि तोंडाकडून बघा. आतल्या पेचदार कडा धारदार हव्यात. तळ काळपट असणे चालते; माझ्या मते काळ्या नळीला लोक उगाच घाबरतात, कडा शाबूत असतील तर ती छान नेम धरते. खोल खड्डे आणि नळी आतून फुगल्याची गोल सावली मात्र चालत नाही. तोंडाजवळ जास्त वेळ घालवा. सैनिक पुल-थ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, तिरकी ओढत, त्या दोरीने दशकांत तोंडाची एक बाजू झिजते. नळी बाकी आरशासारखी असली तरी अशा रायफलीची गोळी भरकटते. .303 ची सुटी गोळी, म्हणजे पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) किंवा दारू नसलेले नुसते शिसे-तांबे, नळीच्या तोंडात टोकाकडून सोडून पाहतात. ती पूर्ण आत बुडाली तर तोंड झिजलेले आहे.

शेवटी हेडस्पेस, म्हणजे बोल्टचे तोंड आणि काडतुसाच्या कडेची बैठक यांतले अंतर. .064 इंचाच्या गेजवर (मोजमापाच्या तुकड्यावर) बोल्ट बंद व्हावा, .074 च्या फील्ड गेजवर होऊ नये. तुमच्याकडे गेज नसेल तर चालवण्याआधी गनस्मिथकडून, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, तपासून घ्या. या खर्चात काटकसर करायची नाही. नं. 4 मध्ये बोल्टचे डोके बदलून हे अंतर दुरुस्त करता येते. डोक्यांवर 0 ते 3 असे आकडे असतात.

घरी आल्यावर : जे परत करता येणार नाही ते करू नका

रायफल गोदामातून आली असेल तर कॉस्मोलीन नावाच्या चिकट पिवळट ग्रीसमध्ये माखलेली असेल. मिनरल स्पिरिट्स, जुने टूथब्रश आणि सुती कापड घेऊन हवेशीर जागी बसा, जवळपास ज्योत नको. लाकडात मुरलेले ग्रीस उन्हात ठेवून हळूहळू पाझरू द्या आणि पुसत राहा.

लाकूड घासायचे नाही. सँडपेपर नाही, व्हार्निश नाही. त्या दस्त्यावरचे तपासनिसांचे शिक्के, पलटणीचे आकडे, खाचा, हीच तिची कागदपत्रे आहेत, आणि ती एका दुपारी पुसली जातात. कच्च्या जवसाच्या तेलाचे थेंब तळहातावर घ्या, ऊब येईपर्यंत चोळा, उरलेले पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सैन्यातही तेच लावत. तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, मग टाका.

एसएमएलई उघडायची असेल तर एक क्रम पाठ करा: पुढचे लाकूड आधी, दस्ता नंतर. दस्त्याच्या आतून जाणाऱ्या लांब स्क्रूचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकात अडकते. दस्ता आधी फिरवायला घेतलात तर ते चौकोनी टोक आत फिरते आणि शंभर वर्षांचे अक्रोडाचे लाकूड कडकन चिरते. उत्साही नव्या मालकांच्या हातून अनेक रायफली अशाच चिरल्या आहेत. खरे सांगायचे तर सुरुवातीला लाकूड उतरवायची गरजच नसते. बोल्ट आणि मॅगझिन काढून साफ करता आले की पुरे.

काडतुसे, आणि खडकीचा माल

पहिल्या वर्षी फक्त नवी, बाजारातली .303 ब्रिटिश काडतुसे वापरा. सर्बियाची प्रवी पार्टिझान आणि चेक सेलिए अँड बेलो ही सहज मिळणारी नावे. यांचे प्रायमर (काडतुसाच्या तळातली, ठिणगी पाडणारी टोपी) गंज आणत नाहीत आणि पुंगळ्या पुन्हा भरता येतात.

जुनी लष्करी काडतुसे स्वस्तात पुढे येतील तेव्हा पुंगळीचा तळ वाचा. बाणाच्या खुणेसह ‘के.एफ.’ अशी अक्षरे दिसली तर ती आपल्या खडकीची, पुण्याच्या किर्की फॅक्टरीची. 1869 साली सुरू झालेल्या त्या कारखान्याचा माल पेनसिल्व्हेनियातल्या टेबलावर पाहून ऊर भरून येतो. एखादा डबा संग्रहात जरूर ठेवा. पण चालवू नका, निदान नवखे असताना. या काळातल्या बऱ्याच .303 मध्ये कॉर्डाइट असते, शेवयांसारख्या काड्यांची दारू, आणि प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट. तो पेटला की नळीत पोटॅशियम क्लोराइड हे मीठ उरते. मीठ हवेतला ओलावा ओढते आणि दमट हवेत रातोरात नळी गंजते. शिवाय उन्हाळ्यात तापलेल्या गोदामांत दशके काढलेल्या काडतुसांत हँगफायर होतो: चाप ओढला, ‘टक्’ झाले, आणि क्षणभराने स्फोट.

म्हणून नियम असा, काडतूस नवे असो की जुने: चाप ओढून आवाज झाला नाही तर रायफल लक्ष्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा. मगच, चेहरा बाजूला ठेवून, बोल्ट उघडा.

रेंजवरचा पहिला दिवस

डोळ्यांना चश्मा, कानांना संरक्षण, आणि सोबत एक अनुभवी माणूस. बोट चापाबाहेर, नळीचे तोंड कायम लक्ष्याकडे. रेंज ऑफिसरने थांबा म्हटले की बोल्ट उघडा, रायफल खाली, हात मागे.

पहिल्या फेरीला मॅगझिन भरू नका. एक काडतूस, एक गोळी, बोल्ट उघडा आणि पुंगळी हातात घेऊन नीट पाहा. प्रायमर फुटलेला किंवा बाहेर आलेला नको. तळापासून साधारण अर्ध्या इंचावर चकचकीत गोल रेघ उमटली असेल तर पुंगळी तिथून तुटायच्या बेतात आहे. रायफल खाली ठेवा आणि गनस्मिथ गाठा. .303 ची चेंबरे युद्धकाळात मुद्दाम सैल ठेवलेली, त्यामुळे पुंगळी खांद्यापाशी थोडी फुगणे नेहमीचेच. तळाजवळची रेघ ही वेगळी गोष्ट.

दोन-चार गोळ्या नीट गेल्या की मॅगझिनकडे वळा. .303 ला कडा आहे, आणि प्रत्येक वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे हवी. उलटे झाले तर वरचे पुढे सरकताना खालच्याला ओढते आणि बोल्ट अडकतो. अडकला तर बळ लावू नका, मॅगझिन काढा.

बोल्टची चाल तुम्हाला पहिल्याच दिवशी आवडेल. दांडा जेमतेम 60 अंश उचलायचा, आणि स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना चढते, त्यामुळे हात थांबत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमके फटके तीनशे यार्डांवर अपेक्षित असत ते याच चालीच्या जोरावर. तुम्ही मात्र सावकाश चला. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट ओढून धरा. तांब्याच्या वेष्टणातली 174 ग्रेनची गोळी आणि पितळी किंवा पोलादी बट-प्लेट, सैल धरले तर खांदा दोन दिवस आठवण देतो.

एसएमएलईची साइट 200 यार्डांपासून सुरू होते, म्हणून 100 यार्डांवर गोळी काही इंच वर लागते. साइट बिघडली समजून कानस हातात घेऊ नका. माशी, म्हणजे पुढची साइट, काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला टेकवा आणि पाच गोळ्यांचा घोळका कुठे जमतो ते कागदावर लिहून ठेवा. घोळका घट्ट पण उजवीकडे-डावीकडे असेल, तरच माशी सरकवण्याचा विचार, तोही योग्य अवजाराने.

त्याच संध्याकाळी

नव्या काडतुसांनंतर नेहमीचे सॉल्व्हंट, मग तेल. गंज आणणारे काडतूस वापरले असेल, किंवा शंका असेल, तर आधी पाणी. मीठ पाण्यातच विरघळते, तेलात नाही. अमोनियाच्या फवाऱ्याचे गुण सांगणारे भेटतील, पण त्यातही काम पाणीच करते. बोल्ट काढा, रायफल तोंड खाली धरा, चेंबरमध्ये फनेल लावून उकळते पाणी ओता. ब्रिटिश फौजेची हीच पद्धत होती. तापलेली नळी स्वतःच कोरडी होते. बोल्टचे तोंडही पाण्याने पुसा, लोक ते विसरतात. मग फ्लॅनेलची चिंधी: साफ करायला 4 बाय 2 इंच, तेल लावायला जरा अरुंद, 4 बाय दीड. एनसीसी केलेल्यांना हे माप पाठ असेल. पुल-थ्रू सरळ रेषेत ओढा, तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा एक चिंधी फिरवा. लालसर डाग आला तर काम अपुरे राहिले आहे.

ठेवणे आणि नोंदी

घरात लहान मुले असोत वा नसोत, कुलूपबंद तिजोरी हवीच, आणि काडतुसे वेगळी, वेगळ्या कुलपात. मराठी घरात पाहुण्यांचा, त्यांच्या मुलांचा राबता असतो, तेव्हा रायफल दिवाणखान्यात टांगायचा मोह आवरा. कापडी किंवा फोमच्या पिशवीत कायमची ठेवू नका, ती ओलावा धरते. तिजोरीत आर्द्रता शोषणारी पुडी ठेवा आणि वेळोवेळी बदला.

भारतात परतायचे ठरले तर ती सोबत नेता येणार नाही, हे घेतानाच घरच्यांना माहीत असावे. म्हणून प्रत्येक रायफलीची एक फाइल करा: पावती, क्रमांक, शिक्क्यांचे फोटो, गेजचे माप, कोणते काडतूस कुठे लागते त्याचा कागद, आणि ती कोणाला विकायची किंवा कोणत्या परवानाधारक दुकानात जमा करायची ते. परवाना असेल तर नोंदवही त्याच फाइलीशेजारी. पत्नीला किंवा नवऱ्याला ती फाइल कुठे आहे ते दाखवून ठेवा, आणि रायफल रिकामी आहे की नाही हे कसे पाहायचे तेही एकदा बसून शिकवा.